मूठभर सैल

कुत्रं आडवं आलं, आर्लेनं करकचून ब्रेक दाबला आणि लुदिविया पाचोननं मांडीवरचं पातेलं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. झालं ते एवढंच. कुत्रं काही न घडल्यासारखं पलीकडच्या फुटपाथवर चढलं. मागच्या बसवाल्यानं हॉर्न वाजवत आर्लेच्या आईचा उद्धार केला. आई गाडीतच बसलेली आहे हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आर्लेनं काच खाली करून त्याच्या आईचा केला, आणि अशी फिट्टंफाट झाल्यावर बोगोताची रविवारची रहदारी पुन्हा सरकू लागली. पातेल्यातलं बटाट्याचं सूप थेंबभरही सांडलं नव्हतं. पुढच्या सीटवरून युरानिसनं मागं वळून आधी मुलीकडे पाहिलं, मग सासूकडे, मग पातेल्याकडे. "वा सासूबाई," ती म्हणाली, "वेळ आली तर तू काय वाचवणार ते आज कळलं." आर्ले हसला. लुदिवियाही हसली, पण जरा उशिरा, म्हणजे नाटकात एखाद्याला आपलं वाक्य मागाहून आठवावं तशी. कारण त्या क्षणात तिनं एक गोष्ट पाहिली होती आणि ती बाकी कुणी पाहिली नव्हती. शेजारच्या खुर्चीत नात बसली होती, नोएलिया, अडीच वर्षांची. गाडीच्या सीटवर बसवलेली ती पट्ट्यांची खुर्ची. दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक पायांमधून, आणि पोटापाशी सगळ्यांचा मिळून एक खटका. ब्रेक लागला तेव्हा पट्टे जागच्या जागी राहिले. पट्ट्यांखालचा रुआना, म्हणजे डोक्यातून घालायची लोकरीची घोंगडी, तोही आपला आकार धरून तस्साच उभा राहिला. आणि त्या सगळ्याच्या आत मुलगी पुढं सरकली, शेंगेत वाटाणा सरकावा तशी. एक खांदा पट्ट्याच्या कडेपर्यंत आला, क्षणभर बाहेर डोकावला, आणि गाडी थांबताच परत आत गेला. मुलगी रडली नाही. तिला मजा वाटली होती. "पुन्हा," ती म्हणाली.

तो 'पुन्हा' आर्लेच्या मावशीकडच्या जेवणभर लुदिवियाच्या कानात राहिला. सूप सगळ्यांनी वाखाणलं. तिला स्वतःला चव लागली नाही. ती नातीकडे पाहत होती, म्हणजे नातीच्या अंगावरच्या रुआनाकडे. तो तिनंच विणला होता. माहेरच्या गावाहून, बोयाकातल्या डोंगरातून लोकर मागवली होती, राखाडी आणि कडेनं लाल. मधे डोकं जायला भोक, आणि आतून मऊ कापसाचं अस्तर, म्हणजे गळ्याला टोचायला नको. रुआनाच्या आत फुगीर जाकीट, त्याच्या आत स्वेटर, त्याच्या आत बनियन. बोगोतात ऊन पडतं ते दाखवायला पडतं. सावलीत गेलं की हाडं आठवतात. शिवाय दुपार कलली की ती हवा सुटते, सेरेनो म्हणतात तिला. ती लेकराच्या छातीत शिरली की महिनाभर मुक्काम करते, हे लुदिवियाला आईनं सांगितलं होतं, तिच्या आईला तिच्या आईनं, आणि या बाबतीत डॉक्टरांना विचारायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. युरानिसला सेरेनो मान्य नव्हता. ती बारांक्वियाची, समुद्रकाठची. तिकडे लेकरं लंगोटावर वाढतात आणि आया दारात खुर्च्या टाकून मोठ्यांदा बोलतात. गेली पाच वर्षं ती स्वतः बोगोतात दोन-दोन मोजे घालून कुडकुडत होती, पण मुलीवर एकावर एक कपडे चढलेले पाहिले की म्हणे, माझ्या पोरीचा तमाल केलाय. केळीच्या पानात गुंडाळून, दोरा बांधून, आता फक्त उकडायची बाकी. हे ती हसत म्हणे. हसत म्हटलेल्या गोष्टी लुदिविया जास्त जपून ठेवत असे.

दोघींचा हिशेब कधी उघडपणे झाला नव्हता, पण दोघींना तो तोंडपाठ होता. बारशाला पाद्री कुठला, हे लुदिवियानं जिंकलं. कान टोचायचे का, हे युरानिसनं. नातीचं पहिलं सूप लुदिवियाकडचं, पहिला मासा युरानिसच्या आईकडचा, तोही विमानानं आलेला, म्हणून तो दोनदा मोजला गेला. खुर्ची युरानिसची होती. मुलगी पोटात असतानाच तिनं ती आणली, आणि पहिलं पाऊलही मुलीनं त्या खुर्चीत बसूनच घराबाहेर टाकलं, असं लुदिविया लोकांना सांगायची. सुरुवातीला ती खुर्ची उलटी बसवलेली असे, मुलीचं तोंड मागच्या काचेकडे. "काय गुन्हा केलाय हिनं," लुदिविया तेव्हा म्हणाली होती, "की भिंतीकडे तोंड करून बसवलंय?" पण खरं सांगायचं तर ती उलटी खुर्ची तिला आवडायची, कारण शेजारी बसलं की नातीचं तोंड सबंध प्रवासभर तिच्याकडे असे, एकट्या तिच्याकडे. गेल्या महिन्यात पाय पुरेनात म्हणून खुर्ची सुलटी केली. आता दोघी एकाच दिशेला बघत बसायच्या, बसमधल्या अनोळखी बायकांसारख्या.

शिवाय बोलण्याचा एक प्रश्न होताच. लुदिवियाच्या डोंगरात माणूस माणसाला 'सुमेर्से' म्हणतो. पूर्वी कुणा मालकाला म्हणायचा तो शब्द झिजून झिजून घरात आला आणि मऊ झाला. आई लेकाला म्हणते, बायको नवऱ्याला, आजी पाळण्यातल्या नातीला: सुमेर्से जेवलात का, सुमेर्सेनं शी केली का. लुदिवियानं जन्मात कुणाला एकेरी हाक मारली नव्हती. आर्लेला तिनं चड्डीत असताना चोप दिला तोही अहो-जाहोत दिला. आणि ही सून आली ती पहिल्या दिवसापासून सरसकट सगळ्यांना तू म्हणत. सासूला तू, पाद्र्याला तू, दातांच्या दवाखान्यात काम करते तिथल्या मोठ्या डॉक्टरला तू. त्यात अपमान नसतो, तिकडे समुद्राला आणि देवालाही तूच म्हणतात, असं आर्ले समजावायचा. लुदिवियाला ते समजलं होतं. समजलेल्या गोष्टीही खुपतात.

मंगळवारी तिनं खात्री करून घेतली. युरानिस कामावर गेली की मुलगी दिवसभर तिच्याकडे असे, एक मजला खाली. त्या दिवशी आर्लेनं दुपारी त्या दोघींना बाजारात नेलं आणि तो पाव आणायला उतरला. लुदिविया मागं नातीशेजारी बसलेली. रुआनावरून पट्टे ताणलेले होते, लोकरीत चांगली चर पडली होती. बाहेरून पाहणारा कुणीही म्हणाला असता, पोर घट्ट बांधलंय हो. तिनं खटका न उघडता, पट्ट्यांना धक्का न लावता, रुआना मुलीच्या डोक्यावरून काढला. मग जाकिटाची चेन उघडून एक बाही सोडवली, मग दुसरी, आणि जाकीट पट्ट्यांखालून हळूच ओढून घेतलं. ही तिची हातोटी होती. झोपलेल्या मुलाचे कपडे ती असे काढी की मूल कूससुद्धा बदलत नसे. मग तिनं पट्टा आणि नातीची छाती यांच्यामधे बोट घातलं. बोट सहज गेलं. मग हात. मग तिनं मूठ वळली, आणि मूठही गेली, वर जागा उरली. पट्टे त्या मुलीला बांधलेच नव्हते. इतके महिने ते लोकरीला बांधले होते. "आजी, गुदगुल्या," नोएलिया म्हणाली. आर्ले पाव घेऊन येताना दिसला तशी तिनं घाईघाईनं जाकीट चढवलं, रुआना घातला, लोकरीवर चापटी मारून चर पुन्हा पट्ट्यांखाली बसवली. "काय झालं आई?" त्यानं विचारलं. "कुठं काय," ती म्हणाली. "सुमेर्सेनं खारा पाव आणलात की गोड?"

सांगायला काय हरकत होती? दोन वाक्यांचं काम. पण ती दोन वाक्यं म्हणायची होती युरानिसपुढं. गेला महिनाभर वरच्या मजल्यावर मुलीला बालवाडीत घालायचं चाललं होतं. युरानिसनं एक पाहूनही ठेवली होती, दवाखान्याच्या वाटेवरची, बागेत लाकडी घोडा असलेली. मुलीला मुलांची सवय व्हायला हवी, ती म्हणायची. आर्लेकडून लुदिवियाला त्यातलं दुसरं कारणही कळलं होतं, कारण आर्लेच्या पोटात काही राहत नाही: आई तिला फार गुंडाळते, श्वास घेऊ देत नाही, असं युरानिसचं म्हणणं. अजून नक्की काही ठरलं नव्हतं. आणि आता लुदिवियानं स्वतः जाऊन सांगायचं, की बाई गं, सुमेर्सेचं खरं होतं. मी विणलेल्या, मी घातलेल्या, मी सेरेनोच्या भीतीनं चढवलेल्या कपड्यांमुळं सुमेर्सेची मुलगी खुर्चीत मोकळी बसलेली होती. एवढं सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक होणार नाही, हे तिला लख्ख दिसत होतं. सकाळची ती टकटक. नात स्वतः करायची, मुठीनं, खालच्या बाजूला. तेवढ्यावर तिचा दिवस सुरू व्हायचा. एव्हेलिओ गेल्यापासून दुसरं कशावर व्हायचाही नाही.

एव्हेलिओ, तिचा नवरा, पुढं बसलेल्या माणसाची जबाबदारी हातावर घ्यायचा. त्याच्या जुन्या गाडीत पट्टे होते ते सीटमागं पडून असायचे. ब्रेक मारला की त्याचा उजवा हात आपोआप शेजारी जायचा आणि लुदिवियाच्या छातीवर आडवा पडायचा, फाटकाच्या आडण्यासारखा. मांडीवर आर्ले असला की तो हात दोघांवर. कितीदा तरी ती त्याला म्हणाली असेल, अहो स्टिअरिंग धरा. पण तो हात तिच्या अंगाला ओळखीचा झाला होता, त्याचं वजन, घड्याळाचा गार पट्टा. आर्लेला ती सवय रक्तातून आली. परवा कुत्रं आलं तेव्हाही त्याचा उजवा हात युरानिसच्या छातीवर गेलाच, तिला पट्टा असूनही. मग मागं कुणाचा हात गेला? कुणाचाच नाही. मुलगी बांधलेली आहे म्हणून सगळे निश्चिंत, आणि एकमेव मोकळे हात होते ते सुपाला गेले. रात्री अंथरुणावर पडली की तिचे हात आपले आपण मिटायचे, पातेल्याच्या कडा धरल्यासारखे. लहानपणी ती पठारावरच्या बसमधून आईच्या मांडीवर यायची. आई तिला शालीत बांधायची आणि शालीची टोकं स्वतःच्या मुठीत ठेवायची, झोपेतसुद्धा सोडायची नाही. आर्लेला तिनंही तसंच आणलं होतं. काही झालं नाही. कधीच काही झालं नव्हतं, आणि इतकी वर्षं 'काही झालं नाही' यालाच ती आपली अक्कल समजत होती की काय, असं तिला वाटू लागलं. तो विचार तिला आवडला नाही. ती उठून पाणी प्यायली.

मधले दिवस तिनं चोरट्या उपायांत काढले. बुधवारी तिनं रुआनावरून पट्टे इतके ओढले की मुलगी "टोचतं" म्हणून रडली आणि युरानिसनं ते पुन्हा सैल केले. गुरुवारी तिनं रुआना धुवायला टाकला आणि तो वाळत नाही असं सांगितलं. युरानिसनं भुवया उंचावल्या. "सासूबाई, बरी आहेस ना? तमालाचं पान सोललंस आज?" रुआना रात्रीतून वाळला. शुक्रवारी तिनं गाडीतून कुठं जायचंच नाही असं ठरवलं आणि नातीला पायी बागेत नेलं, आणि बागेत जी जी गाडी जवळून गेली तिच्या मागच्या काचेत तिनं पाहिलं. कुठं पोर आईच्या मांडीवर, कुठं दोन सीटांच्या मधे उभं, कुठं खुर्चीत. आणि खुर्चीतलं प्रत्येक पोर अंगापेक्षा दुप्पट फुगलेलं. सबंध शहर लोकरीला बांधून फिरत होतं. यात तिला थोडा दिलासा वाटला, आणि त्या दिलाशाची लगेच लाजही.

आणि शनिवारी जायचं होतं मेल्गारला. सोमवारची सुट्टी जोडून आलेली. अशा सुट्टीला निम्मं बोगोता डोंगर उतरून उष्ण मुलखात जातं, पोहायला, घाम गाळायला आणि परत येऊन थंडीला शिव्या द्यायला. ही वाट लुदिविया लग्नापासून उतरत होती. त्या उतरण्याला एक रीत असते, कुणी शिकवलेली नाही पण सगळ्यांना येते. घरून निघताना सगळं अंगावर. सिल्वानियाला, जिथं वेताच्या टोपल्या रस्त्यावर टांगलेल्या असतात, तिथं रुआना उतरतो. फुसागासुगाला जाकीट. चिनाउतापाशी स्वेटर, आणि खाली दरी अरुंद होते तिथं मोजे. प्रत्येक घराच्या आपापल्या जागा ठरलेल्या. एव्हेलिओ म्हणायचा, आपल्याकडच्या माणसाला डोळे बांधून गाडीत घाला, अंगावर किती कपडे उरले ते बघून तो गाव सांगेल. आणि गाडी थांबत नाही. चालत्या गाडीत, झोपलेल्या मुलांच्या अंगावरून, आया आणि आज्या एकेक पापुद्रा काढत जातात, पट्ट्यांखालून, बाह्या सोडवत, खटक्याला हात न लावता. कारण खटका उघडला की मूल जागं होतं, आणि जागं झालेलं मूल पुढचा घाट सुखानं उतरू देत नाही. लुदिविया यात उस्ताद होती. सकाळी पार्किंगमधे युरानिस पट्टे ओढून बसवत होती, रुआनावरून, चर पडेपर्यंत, तेव्हा लुदिवियाला ते उतरणं सबंध दिसलं, गावागावानं, आणि पट्टे मात्र बोगोताच्याच थंडीला बांधलेले. ती म्हणाली, "मी म्हणते, रुआना आत्ताच काढला तर?" युरानिस थबकली. ती स्वतः दोन शाली पांघरून उभी होती. "आत्ता? इथं? अगं, मला इथं दात वाजतायत आणि तू पोरीला उघडी करतेस. तुला झालंय काय या आठवड्यात?" तिच्या आवाजात या वेळी थट्टा नव्हती, काळजी होती. लुदिविया आत नातीशेजारी बसली.

सिल्वानियाला तिनं रुआना काढला नाही. "काढ ना, सासूबाई," पुढून आवाज आला, "घाम येतोय तिला." खरंच येत होता; झोपलेल्या नातीच्या कपाळावर बारीक मणी जमले होते. लुदिवियानं रुआना काढला, घडी करून मांडीवर ठेवला आणि उजवा तळहात नातीच्या छातीवर ठेवला, सहज ठेवल्यासारखा. पट्टे अजून जाकिटाला टेकलेले होते, निदान तसं दिसत होतं. फुसागासुगाला आर्लेनंच आरशात पाहून आठवण केली. जाकीट निघालं. पट्टे उभे राहिले, अंगापासून वेगळे, दोरीवर धुणं उतरवल्यावर चिमटे राहावेत तसे. तिनं खांद्यापाशी पट्टा धरून पाहिला. तो घट्ट करायचं शेपूट नातीच्या पायांमधे होतं, ते ओढलं तर मूल हलणार, जागं होणार, पुढून विचारणा होणार. तिनं ओढलं नाही. हात मात्र ठेवला. रस्ता आता वळणांचा होता. प्रत्येक वळणावर तिच्या तळव्याखाली ते इवलंसं शरीर एका अंगाला जाई आणि परत येई, आणि दर वेळी ती कोपरातून ताठ होई, जणू काही झालंच तर हा हात पुरणार होता. एव्हेलिओचा हात पुरला असता का? आईच्या मुठीतली शालीची टोकं? पुढं गुरांचा ट्रक चालला होता, फळ्यांमधून ओली नाकं बाहेर आलेली. तो मधेच कचकन हळू होई आणि आर्ले शिवी हासडून ब्रेक दाबी. प्रत्येक ब्रेकला त्याचा उजवा हात बायकोकडे जाई. प्रत्येक ब्रेकला लुदिवियाचा खांदा मुंग्या येऊन बधिर होत चालला. चिनाउता आलं. तिनं स्वेटर काढायचं नाव काढलं नाही. हवा भट्टीसारखी आत येत होती, नातीच्या स्वेटरवर, तिच्या स्वतःच्या बोटांवर घाम, आणि तो हात, ती काढू शकत नव्हती तो हात. युरानिस शाली सोडून, सँडल काढून, पाय वर घेऊन बसली होती. समुद्राचा वास आल्यासारखी खुललेली. तिनं मागं पाहिलं, सासूचा तो ताठ हात पाहिला, आणि हसली.

"सोड की गं तिला, सासूबाई. उडून जाणार आहे का ती?"

"हो," लुदिविया म्हणाली.

तो शब्द तिच्याच कानाला नवा वाटला. गाडी आणखी एका वळणावरून गेली. खडकाचा तो पुढं आलेला सुळका दिसला, ज्याला सगळे सैतानाचं नाक म्हणतात. "गाडी थांबव," ती म्हणाली. "आर्ले. थांबव." आर्लेनं आरशात पाहिलं ते आधी त्या 'थांबव'साठी. जन्मल्यापासून त्याला आईनं एकेरीत काही सांगितलेलं नव्हतं. चोप देतानासुद्धा नाही. त्यानं आंब्यांच्या एका टपरीशेजारी गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं, आणि एकदम किती किडे ओरडत होते ते ऐकू आलं.

लुदिवियानं हात उचलला. तिनं मूठ वळली आणि नातीच्या छातीवरच्या पट्ट्याखाली घातली. मग ती तिथंच वर-खाली हलवली, सैलपणे, रिकाम्या खिशात हात हलवावा तशी. आणि दुसऱ्या हातानं मांडीवरचा रुआना थोडा वर धरला. एवढंच. युरानिसनं मुठीकडे पाहिलं, मग रुआनाकडे, मग सीटवर पडलेल्या जाकिटाकडे. लुदिविया तिच्या तोंडाकडे पाहत होती. आता येईल, तिला वाटत होतं, ते हसणं आता येईल. ते आलं नाही. युरानिस दार उघडून उतरली, अनवाणीच, तापलेल्या खडीवरून गाडीला वळसा घालून मागच्या दाराशी आली आणि तिनं स्वतःची मूठ त्या पट्ट्याखाली घातली. ती आत गेली. तिनं ती बाहेर काढली, पुन्हा घातली. "रोज मीच बसवते," ती म्हणाली, कुणालाच नाही. "रोज मी ओढून बघते. घट्ट असायचा." मग म्हणाली, "ते कुत्रं आलं त्या दिवशी." लुदिवियानं मान हलवली. "तू पाहिलंस?" मान पुन्हा हलली. "आणि आठवडाभर..." युरानिसनं वाक्य अर्धंच ठेवलं. ते पूर्ण करायचा तिला हक्क होता, आणि तिनं ते अर्धं का ठेवलं, हे लुदिवियाला पुढं कितीतरी दिवस उलगडलं नाही. कदाचित स्वतःच्या मुठीकडे पाहून. आर्ले मधेच म्हणाला, "पण काही झालं तर नाही ना?" आणि दोघी एकदम, एका सुरात, त्याला गप्प बस म्हणाल्या. एकीची सवयच होती. दुसरीची जीभ त्या दिवशी दुसऱ्यांदा एकेरीवर आली.

युरानिस शेपूट ओढायला लागली तर पट्टा मधेच अडकला. लुदिवियानं वाकून, एका हातानं पाठीमागचा सैलपणा वर घेत, दुसऱ्यानं शेपूट ओढलं. लोकर वळायची सवय असलेले हात. पट्टा सरकत आला, आला, आणि स्वेटरला टेकला. नोएलिया जागी झाली, तापली, रडली, खूप रडली, आणि त्या रडण्यात त्या दोघी वाकून एकाच पट्ट्याखाली आळीपाळीनं बोट घालत राहिल्या. एक बोट जाई. दोन जात नव्हती. टपरीवाल्या बाईनं न विचारता आंब्याची फोड मीठ लावून आणून दिली. मुलगी गप्प झाली.

मेल्गारमधे काय झालं त्यात सांगण्यासारखं काही नाही. पाणी कोमट होतं, आर्ले भाजला, नातीनं तिसऱ्या पायरीपर्यंत उतरायचं धाडस केलं. दोन्ही दिवस बालवाडीचा विषय निघाला नाही आणि न निघता तो टेबलाशी जेवायला बसत राहिला. सोमवारी परत निघाले. चढताना ती रीत उलटी चालते. गावागावानं कपडे अंगावर येत जातात. चिनाउतापाशी युरानिसनंच गाडी थांबवायला लावली, खटका उघडला, पातळ स्वेटर घातला, खटका लावला, ओढला, बोट घातलं. फुसागासुगाला जाकीट पिशवीतच राहिलं. सिल्वानियाच्या वर धुकं लागलं, वेताच्या टोपल्या दिसेनाशा झाल्या, आणि काच वर केली तरी ती हवा आत आलीच, ओळखीची, ओली, बोयाकातल्या सगळ्या आज्यांनी जिच्याविरुद्ध विणलं ती. रुआना लुदिवियाच्या मांडीवर घडी होऊन पडला होता. तिनं त्याला हात लावला नव्हता. नातीच्या नाकाचा शेंडा लाल झालेला तिला दिसत होता. तिला वाटलं, मी काही म्हणणार नाही, आता या मुलीच्या अंगावर काय घालायचं ते मी म्हणणार नाही. आणि हात तर छातीवर ठेवलेला होताच, पट्ट्यावरून, कधी ठेवला ते तिला कळलंच नव्हतं.

युरानिस पुढं शालीत गुरफटून बसली होती. तिनं मागं न बघताच हात लांब केला. "दे इकडं." लुदिवियानं रुआना दिला. युरानिसनं पट्टा सोडून गुडघ्यांवर उलटं वळून, आर्लेच्या कुरबुरीकडे दुर्लक्ष करत, तो रुआना पट्ट्यांच्या वरून मुलीवर पांघरला, हनुवटीपर्यंत, आणि कडा खुर्चीत खोचल्या. "वरून," ती म्हणाली. "आतून नाही, वरून." मग तिनं परत वळून स्वतःचा पट्टा लावला, ओढला, आणि काचेकडे बघत सांगून टाकलं की फेब्रुवारीपासून मुलगी बालवाडीत जाईल, सकाळचीच, जेवणापर्यंत, ते तिनं बालवाडीला आधीच कळवलं होतं, मेल्गारला निघायच्या आधी. दुपार आहे तशी, आजीकडे. आणि सकाळी खुर्चीत बसवायला कुणीतरी खाली पार्किंगमधे यावं लागेल, तिला स्वतःला आता त्या पट्ट्याचा भरवसा वाटत नाही, म्हणजे स्वतःच्या बोटाचा. लुदिवियानं मनातल्या मनात जमाखर्च मांडला: सकाळी गेल्या, टकटक गेली, दुपार राहिली, एक बोट मिळालं. बेरीज कुठल्या बाजूला झुकते ते तिला ठरवता येईना, आणि ठरवायची इच्छाही फार नव्हती. धुक्यात पुढच्या गाडीचे लाल दिवे पेटले, आर्लेनं ब्रेक दाबला. मागं मुलगी हलली नाही. फक्त रुआनाची लाल कड थोडी सरकली. लुदिवियाचा हात मात्र कोपरापर्यंत ताठ झाला.

"सुमेर्से," पुढून युरानिस म्हणाली. तो शब्द तिनं पाच वर्षांत पहिल्यांदा उच्चारला, आणि समुद्रकाठच्या माणसानं म्हणावा तसा, शेवट गिळून, चुकीचा. "हात काढ आता. पट्टा आहे."

लुदिवियानं हात काढला. तो कुठं ठेवायचा ते तिला कळेना. मांडीवर पातेलं नव्हतं, रुआना नव्हता. तिनं तो दुसऱ्या हातात धरला, मग सोडला, मग खिडकीच्या गार काचेवर ठेवला, आणि बोगोताचे दिवे दिसू लागेपर्यंत तो तिथंच, उघडा, काही न धरता, मिटू मिटू करत राहिला.